तेल कधी पेटतं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. फोनवर सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोल. हल्ली सगळ्यांना तेच ऐकायचं असतं." मी हो म्हटलं, तयारीही केली. पण आज सकाळी शाळेत आले तर आपल्या जुन्या प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. तेच दगडी ओटे, तोच कोपऱ्यातला बेसिन, भिंतीवर तीच आवर्तसारणी. मी तिथे दहा मिनिटं उभी राहिले आणि ठरवलं की विषय बदलायचा. तेव्हा आज मी तेलावर बोलणार आहे. म्हणजे यंत्रात घालतात त्या वंगणाच्या तेलावर, आणि ते कधी, कसं पेटतं यावर. संयोजकांनी रागावू नये, शेवटी मी सॉफ्टवेअरवर येणारच आहे.

नववीत असताना विज्ञानाच्या सरांनी केलेला एक प्रयोग तुम्हाला आठवतो का? सर समोरच बसलेत, त्यांना नक्की आठवत असेल. त्यांनी एका वाटीत गोडेतेल घेतलं, काडी पेटवली आणि विचारलं, "टाकू?" पुढच्या बाकावरच्या आम्ही मुली किंचाळलो. सरांनी काडी तेलात टाकली. ती चक्क विझली. मग त्यांनी कापसाची वात वळली, त्याच तेलात भिजवली, टोक वर काढलं आणि दुसरी काडी लावली. वात पेटली. सर म्हणाले, "तेल तेच, काडी तीच. मग फरक कशाचा?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "सर, कापूस पेटला!" सरांनी वर्ग संपेपर्यंत वात तेवत ठेवली आणि दाखवलं की तेल संपत आलं तरी कापूस जवळजवळ तेवढाच आहे. पेटत होती ती तेलाची वाफ. वाटीतलं थंड तेल काडीची उष्णता आपल्या अंगात जिरवून टाकतं, वाफ होत नाही. वातीच्या टोकावर तेल एवढंसं असतं, ते लगेच तापतं, त्याची वाफ होते आणि ती पेटते.

मी पुढे इंजिनियर झाले, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये केली, आणि फिरून पुन्हा त्या वातीपाशी येऊन पोचले. ते कसं, ते सांगते.

गेली अनेक वर्षं मी गॅस टर्बाइनवर लक्ष ठेवणारी सॉफ्टवेअर लिहिते. गॅस टर्बाइन म्हणजे विमानाच्या पंखाखाली असतं ते इंजिन, किंवा वायूवर चालणाऱ्या वीजकेंद्रातलं मोठं यंत्र. तत्त्व एकच. हवा आत ओढायची, दाबायची, त्यात इंधन जाळायचं, आणि त्या तापलेल्या वायूच्या झोताने पाती फिरवायची. झोताचं तापमान हजार अंशांच्या वर असतं. मी सगळीकडे सेल्सियसच बोलते आहे. पाती ज्या दांड्यावर बसवलेली असतात तो दांडा बेअरिंगवर फिरतो. वीजकेंद्रातल्या मोठ्या यंत्रात दांड्याचा धातू बेअरिंगच्या धातूला चालू असताना टेकतच नाही. मध्ये तेलाचा पातळ थर असतो, केसाच्या जाडीचा म्हणा, आणि कित्येक टनांचा दांडा मिनिटाला ३००० फेऱ्या घेत त्या थरावर तरंगत असतो. तो थर नाहीसा झाला की काही क्षणांत बेअरिंगचा मऊ धातू वितळतो.

म्हणजे या यंत्रात हजारो लिटर तेल सतत फिरवावंच लागतं, आणि तेही आगीच्या शेजघरात. वंगणाचं तेल आणि ज्वाला यांच्यामध्ये कधी कधी हातभराचंही अंतर नसतं. मग हे तेल पेटत का नाही? आणि पेटतं तेव्हा का पेटतं?

आधी तेल कोणतं ते बघू. वीजकेंद्रातल्या मोठ्या टर्बाइनमध्ये बहुधा खनिज तेल असतं. विमानाच्या इंजिनात ते टिकत नाही, तिथे कृत्रिम एस्टर वापरतात. यात एक गंमत आहे. आपल्यातल्या बहुतेकांना लहानपणी आजीने एरंडेल पाजलं असेल, चेहऱ्यांवरून दिसतंच आहे. पहिल्या महायुद्धात काही विमानांच्या इंजिनांत वंगण म्हणून एरंडेलच घालत, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नसे. त्याचा धूर वैमानिकांच्या नाकातोंडात जायचा, आणि मग आजीच्या औषधाचा जो गुण तोच त्यांना यायचा! पुढे जेट इंजिनं आली तेव्हा सुरुवातीच्या कृत्रिम तेलांसाठी जे सेबॅसिक आम्ल लागायचं तेही एरंडेलापासूनच काढत. १९६०च्या दशकापासून पेंटाएरिथ्रिटॉलसारख्या अल्कोहोलपासून केलेले एस्टर आले. रसायनशास्त्रज्ञांनी तिथे फार हुशारी केली. साध्या एस्टरच्या रेणूत एका ठराविक जागी हायड्रोजन असतो, आणि तापवल्यावर त्या हायड्रोजनमुळे रेणू सहज तुटतो. त्यांनी असा रेणू निवडला की ज्यात त्या जागी हायड्रोजनच नाही. तुटायची ती सोपी वाटच बंद.

आता पेटण्याबद्दल. इथे दोन तापमानं वेगवेगळी लक्षात ठेवायची. एक फ्लॅश पॉइंट. तेल उघड्या वाटीत हळूहळू तापवत न्यायचं आणि वरून छोटी ज्योत फिरवायची. ज्या तापमानाला वाफ भपकन पेटून विझते तो फ्लॅश पॉइंट. अजून थोडं तापवलं की ज्वाला टिकून राहते. खनिज टर्बाइन तेलाचा फ्लॅश पॉइंट २०० अंशांच्या वर असतो, विमानाच्या एस्टरचा साधारण २५०च्या पुढे. रॉकेलच्या जातीच्या विमानाच्या इंधनाचा किमान ३८ अंश. यावरून कळेल की वंगण किती शांत स्वभावाचं असतं.

दुसरं तापमान म्हणजे ठिणगी नसताना, ज्योत नसताना, नुसत्या उष्णतेने पेट घेण्याचं. ते प्रयोगशाळेत काचेच्या चंबूत मोजतात. चंबू चहूबाजूंनी तापवायचा, आत थोडं तेल सोडायचं, दिवा मालवून बघत बसायचं. एस्टर तेलाचं हे तापमान ४०० अंशांच्या आसपास येतं, खनिज टर्बाइन तेलाचं साडेतीनशेच्या पुढे.

मी नवीन होते तेव्हा मला वाटायचं की हा आकडा म्हणजे लक्ष्मणरेषा. त्याच्या खाली सुरक्षित, वर आग. तसं नसतं, आणि माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा तोच आहे.

तेल आणि ऑक्सिजन एकत्र आले की तेलाचं ऑक्सिडीकरण चालूच असतं. खोलीत ठेवलेल्या डब्यातही. खोबरेल तेल खवट होतं, लोणच्यावरचं तेल जुनं झालं की वास मारतं, ते यामुळेच. उष्णतेने तेलाच्या रेणूतला एखादा हायड्रोजन निसटतो. उरतो तो मुक्त मूलक, म्हणजे एक हात रिकामा असलेला रेणू. तो लगेच ऑक्सिजनला पकडतो. ऑक्सिजन पकडलेला रेणू शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढून घेतो, म्हणजे आता शेजाऱ्याचा हात रिकामा. ही साखळी पुढे सरकते. तोपर्यंत एकाचा एकच होत असतो, फार काही बिघडत नाही. पण हायड्रोजन मिळालेला तो पेरॉक्साइडसारखा रेणू कच्चा असतो. पुरेशी उष्णता मिळाली की तो मधून तुटतो आणि एका रिकाम्या हाताचे दोन होतात. दोनाचे चार, चाराचे आठ. गावात एखादी बातमी कशी पसरते ते आठवा. एकाने एकाला सांगितली तर संध्याकाळपर्यंत पाच घरं. प्रत्येकाने दोघांना सांगितली तर एसटी स्टँडवर पोचायला तासही लागत नाही.

साखळी तोडण्यासाठी तेलात मुद्दाम काही द्रव्यं घालतात, बहुतेक अमाइन किंवा फिनॉल जातीची. ती आपला हायड्रोजन देऊन टाकतात आणि रिकामा हात भरतात. बातमी ऐकून गप्प बसणारी माणसं समजा. अशी माणसं मर्यादित असतात. ती संपली की तेल वेगाने बिघडतं. काळं पडतं, पाइपच्या आत लाखेसारखा थर धरतं, नाहीतर कोळसा होतो. साधारण दहा अंश तापमान वाढलं की तेलाचं आयुष्य निम्मं होतं, असा कारखान्यातला ढोबळ हिशेब आहे.

मग आग म्हणजे काय? हीच क्रिया. वर्षभरात तेल काळं पडणं आणि सेकंदात भडका उडणं, यांत मूळ रसायन एकाच घराण्याचं आहे. ऑक्सिडीकरणातून थोडी उष्णता निघते. ती उष्णता बाहेर निघून गेली तर तेल नुसतं जुनं होतं. उष्णता जेवढी तयार होते तेवढी बाहेर जाऊ शकली नाही, तर तापमान वाढतं, त्यामुळे क्रिया वाढते, त्यामुळे अजून उष्णता. हा जमाखर्च बिघडला की आग. म्हणून पेटण्याचं तापमान फक्त तेलाचं नसतं, ते जागेचंही असतं. उघड्या तापलेल्या पाइपवर तेलाचा थेंब पडला तर वाफ वर उडून जाते, आणि चंबूतल्या आकड्यापेक्षा पाइप कितीतरी जास्त तापलेला असल्याशिवाय ती बहुधा पेटत नाही. तेलाचा बारीक फवारा उडाला तर मात्र फ्लॅश पॉइंटपेक्षा थंड तेलही ठिणगीने पेटतं, कारण प्रत्येक थेंब म्हणजे एक चिमुकली वातच असते.

हे सगळं पुस्तकी वाटेल, म्हणून एक घडलेली गोष्ट सांगते. ४ नोव्हेंबर २०१०. क्वांटासचं ए-३८० विमान सिंगापूरहून सिडनीला निघालं. आत ४६९ माणसं. उड्डाणानंतर चारेक मिनिटांनी, इंडोनेशियाच्या बाटाम बेटावर असताना, डाव्या पंखाखालच्या एका इंजिनात स्फोट झाला. ऑस्ट्रेलियाच्या तपास संस्थेने २०१३ साली अंतिम अहवाल दिला. मी तो कामासाठी वाचला, आणि नंतर पुन्हा एकदा नुसता वाचला.

इंजिनाच्या पोटात बेअरिंगला तेल नेणारी एक आखूड नळी होती. तिच्या तोंडाशी आतून जे भोक मोठं करायचं असतं ते बनवताना मध्यबिंदूपासून सरकलं होतं. त्यामुळे नळीची भिंत एका बाजूला अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ झाली. विमान उडत होतं, उतरत होतं, नळी थरथरत होती. त्या पातळ बाजूला तडा गेला. त्या दिवशी तड्यातून तेलाची फवारणी सुरू झाली, ती आजूबाजूच्या तापलेल्या हवेच्या पोकळीत. ठिणगी नव्हती. तेल आपोआप पेटलं. आगीच्या उष्णतेने टर्बाइनची जड चकती दांड्यापासून सुटली. दांडा सुटला म्हणजे चकतीवर भार उरला नाही, पण तापलेल्या वायूचा झोत तिला फिरवतच राहिला. तिचा वेग वाढत गेला आणि ती फुटली. तुकडे पंख फाडून आरपार गेले, तारा तुटल्या, इंधनाच्या टाक्यांना भोकं पडली.

वैमानिकांनी विमान सिंगापूरला परत उतरवलं. बाहेर पंखातून इंधन गळत होतं आणि ब्रेक लालबुंद तापलेले. तारा तुटल्यामुळे त्याच बाजूचं दुसरं इंजिन बंदच होईना, ते बंद पाडायला अग्निशमन दलाला काही तास लागले. कप्तानाने प्रवाशांना घाईने घसरगुंड्यांवरून खाली न उतरवता आतच बसवून ठेवलं, फेस मारून धोका कमी झाल्यावर जिन्याने उतरवलं. एकालाही इजा झाली नाही.

त्यानंतर नळ्या तपासल्या गेल्या, इंजिनं बदलली गेली. आणि माझ्या धंद्यातली गोष्ट म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये नवा तर्क घातला गेला. ती चकती बेफाम होणार अशी लक्षणं दिसली की इंजिन ताबडतोब बंद करायचं, माणसाची वाट बघायची नाही. नळीतली चूक सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही. पण तेल पेटल्यापासून चकती फुटेपर्यंत जो थोडा वेळ असतो, तो वापरता येतो.

आता माझी गोष्ट. ही मी आजवर फार जणांना सांगितलेली नाही.

काही वर्षांपूर्वी एका वायूवरच्या वीजकेंद्रासाठी मी देखरेखीचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. केंद्राचं नाव सांगत नाही. तेलाच्या टाकीची पातळी बघणारा भाग माझा. टाकी सहा हजार लिटरची. तेल गरम झालं की फुगतं, गार झालं की आकसतं, म्हणून पातळी दिवसभर वरखाली होते. सुरुवातीला माझा प्रोग्रॅम एवढ्यातेवढ्यावर अलार्म द्यायचा. कंट्रोल रूमची माणसं कंटाळली. शिफ्ट इनचार्ज फोनवर म्हणाले, "मॅडम, तुमचा अलार्म म्हणजे रडकं पोर झालंय, आता कुणी बघतही नाही त्याच्याकडे." त्यांचं म्हणणं खरं होतं. मी छोटे चढउतार गाळायचे ठरवले, मर्यादा रुंद केली. आणि एक ओळ लिहिली. टाकीत नवं तेल ओतलं की जुना हिशेब पुसून नव्याने मोजायला लागायचं. तेव्हा ते मला फार नेटकं वाटलं होतं.

पुढे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. एक्झॉस्टकडच्या बाजूच्या बेअरिंगच्या पाइपचा एक जोड पाझरायला लागला. दिवसाला तीन-चार लिटर. पाच-सहा दिवसांनी शिफ्टवाले वीस लिटर तेल टाकायचे, लॉगबुकात लिहायचे. तेल टाकलं की माझा प्रोग्रॅम मागचं विसरायचा. दोन भरण्यांच्या मधली घट माझ्या रुंद मर्यादेत बसायची. पडद्यावर सगळं हिरवं.

ते तेल जात कुठे होतं? यंत्राच्या तापलेल्या भागांवर रॉकवूलचं जाड आवरण असतं, वरून पत्रा. केंद्रातली माणसं त्याला लॅगिंग म्हणतात. तेल पत्र्याच्या फटीतून आत जाऊन त्या लोकरीत मुरत होतं. आतला पृष्ठभाग होता २५० अंशांच्या आसपास, म्हणजे चंबूतल्या आकड्यापेक्षा शंभर अंश कमी. कागदावर एकदम सुरक्षित. पण लोकरीत मुरलेलं तेल धाग्याधाग्यावर पसरतं, त्याला हवा भरपूर मिळते, आणि निघालेली उष्णता बाहेर जायला वाट नसते, कारण उष्णता बाहेर जाऊ नये म्हणूनच तर ते आवरण असतं. शिवाय वंगण मुद्दाम असं बनवलेलं असतं की ते सहज उडून जाऊ नये. पेट्रोल असतं तर केव्हाच उडून गेलं असतं. हे तिथेच राहिलं, हळूहळू भाजत. सुताराने जवसाच्या तेलाचं पॉलिश पुसलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या रात्री आपोआप पेटतात, तोच हा प्रकार.

माझ्या पडद्याला कळलं नाही ते एका फिटरकाकांना कळलं. निवृत्तीला आलेले गृहस्थ. फेरी मारताना त्यांना जळक्या तेलाचा वास आला. दोन दिवस ते सांगत होते आणि लोक म्हणत होते, पडद्यावर तर काही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी हट्ट धरला, यंत्र थांबवायला लावलं. यंत्र थांबलं, माणसं आत गेली. माणसं आत जाणार म्हणून कार्बन डायऑक्साइड सोडणारी यंत्रणा नियमाप्रमाणे कुलूपबंद केलेली. काकांच्या हाताखालच्या मुलाने पत्रा उचकटला. आत लोकर काळी पडून धुमसत होती, फक्त हवेला महाग झालेली. पत्रा निघाला, हवा मिळाली, आणि भडका उडाला. बाजूच्यांनी दोन मिनिटांत विझवला. पण त्या मुलाचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. दीड महिना तो घरी होता. वय तेवीस.

मला रात्री फोन आला आणि सकाळी मी तिथे पोचले. काकांनी मला ती लोकर हातात दिली. म्हणाले, "ताई, तुमच्या संगणकाला नाक नाही. त्याचं काही नाही, पण आमच्या नाकावर विश्वास ठेवायला तुमच्या संगणकाने लोकांना बंदी केली." ते रागाने बोलले नव्हते, म्हणून जास्त लागलं.

चौकशीत जोडाचं गॅस्केट, लॅगिंगची फट, सगळं निघालं. सॉफ्टवेअरबद्दल कुणी विचारलंच नाही. सगळ्यांनी गृहीत धरलं की एवढी छोटी गळती कुठलाच प्रोग्रॅम पकडू शकत नाही. मी लॉगबुकाचे फोटो घेऊन हॉटेलवर आले आणि वहीत बेरीज केली. सात आठवड्यांत १६० लिटर. एखादं शाळकरी पोरही ही बेरीज करू शकलं असतं. मी प्रोग्रॅमला ती करू दिली नव्हती.

एक दिवस मी गप्प बसले. खरं सांगते, दोन दिवस. नोकरीचा विचार आला, कंपनीच्या नावाचा आला. आणि दुसरं एक आठवलं. दहावीत लंबकाच्या प्रयोगात माझं उत्तर पुस्तकाशी जुळेना, म्हणून मी दोन निरीक्षणं खोडून जुळतील अशी लिहिली होती. सरांनी वही बघितली, खाडाखोड बघितली, आणि मला सगळ्यांसमोर काही न बोलता समासात लाल शाईने लिहिलं, "दिसले ते लिहावे." त्याखाली सही. ती वही आईने अजून ठेवली आहे.

तिसऱ्या दिवशी मी चौकशी समितीला ती एक ओळ दाखवली. अपेक्षेपेक्षा कमी आरडाओरडा झाला. नोकरी राहिली. प्रोग्रॅम बदलला. आता तो ओतलेल्या प्रत्येक लिटरची बेरीज महिनोन्‌महिने ठेवतो, आणि शिफ्टवाल्यांना "वास", "धूर", "ओलं दिसलं" असं लिहायला एक जागा ठेवली आहे. तसं कुणी लिहिलं की पडदा हिरवा राहत नाही, आकडे काहीही म्हणोत. ही सूचना काकांची.

लोक विचारतात, आग लागली की तेलाचा पंप सरळ बंद का करत नाही? कारण टर्बाइन बंद केल्यावरही तो जड दांडा वीस-पंचवीस मिनिटं किंवा जास्त फिरत राहतो. तेल बंद केलं तर बेअरिंग जातात, चालू ठेवलं तर आगीला तेल मिळतं. त्या क्षणी चांगला पर्याय उरलेलाच नसतो. जे काही करायचं ते आधीच्या सात आठवड्यांत, तेल नुसतं भाजत असताना करायचं असतं.

आता घरी उपयोगी पडेल असं थोडं. फोडणीचं तेल धुरकटायला लागलं की गॅस बारीक करा. कढई पेटलीच तर पाणी ओतू नका, त्याची क्षणात वाफ होऊन जळतं तेल सगळीकडे उडतं. गॅस बंद करा आणि मोठं झाकण ठेवा. आणि जवसाच्या तेलाने पुसलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, बाहेर पसरून वाळवा. माझ्या अभ्यासाचा एवढा तरी प्रत्यक्ष फायदा घेऊन जा.

तो मुलगा आता त्याच केंद्रात फिटर आहे. हाताची कातडी ताणलेली आहे, पण पाना नीट धरतो. मी गेले की चहा तोच आणतो.

सर, तुम्ही त्या दिवशी वाटीत टाकलेली काडी विझली तेव्हा आम्ही हसलो होतो. ती का विझली हे नीट कळायला मला पंचवीस वर्षं लागली, आणि समासातली ती तीन शब्दांची ओळ कळायला त्याहून थोडी जास्त. आज इथे शाळेतली मुलं आली आहेत. मुलांनो, वहीत निरीक्षण जुळत नसेल तर खोडू नका. तसंच लिहा आणि सरांना विचारा.

संयोजक घड्याळ दाखवत आहेत.